जुनी फोर बाय फोर विकताना: आधी तळ, मग कागद, मग जाहिरात

जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी गाडी, बघायला आलेलं जाणकार गिऱ्हाईक आधी वाकतं. बॉनेटवरची चमक त्याला दुरूनच दिसलेली असते. त्याला बघायची असते चासी (गाडीचा खालचा सांगाडा), डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचं) हाऊसिंग, ट्रान्सफर केसखाली (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीखाली) ऑइलचा ओघळ आहे का, आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बुशांना किती खेळ आहे. हॅचबॅक विकताना पॉलिशवर खर्च केलेले पैसे काही प्रमाणात वसूल होतात. थार, जिप्सी, जिम्नी किंवा फोर बाय फोर स्कॉर्पिओ विकताना तेच पैसे तळ धुण्यात आणि कागद लावण्यात घातले तर भावात खरा फरक पडतो. हा लेख महाराष्ट्रात नोंदलेल्या, नीट सांभाळलेल्या खासगी गाडीसाठी आहे.

गाडी नेमकी कोणती, ते आधी लिहून काढा

हे सांगायची गरज वाटू नये, पण अर्ध्या जाहिराती इथेच फसतात. २०१० ते २०२० या काळातली थार आणि २ ऑक्टोबर २०२० नंतरची थार या दोन वेगळ्या गाड्या आहेत, त्यांचे गिऱ्हाईकही वेगळे. २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या प्रकारातही मिळू लागली, त्यामुळे नुसतं ‘थार, डिझेल’ लिहिलं की पहिला फोन ‘फोर बाय फोर आहे का’ असाच येणार. स्कॉर्पिओ आणि फॉर्च्युनरचंही तेच. जिप्सी असेल तर कार्ब्युरेटरची की एमपीएफआय (इंधन इंजेक्शनची), हार्ड टॉप की सॉफ्ट टॉप, हे लिहा.

आरसीवरून चार गोष्टी उतरवून घ्या: निर्मितीचा महिना आणि साल, नोंदणीची तारीख, नोंदणीची मुदत, आणि कितवा मालक. निर्मिती डिसेंबरची आणि नोंदणी मार्चची असेल तर दोन्ही तारखा स्वतःहून सांगा. गिऱ्हाईकाला ते नंतर कळलं की भाव तुटतो आणि विश्वासही.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पहिल्या फळीतल्या सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) थार आता ही मुदत ओलांडू लागल्या आहेत, आणि जिप्सीचं उत्पादन २०१८-१९ च्या सुमारास थांबल्यामुळे बाजारातल्या बऱ्याच जिप्सी एकदा तरी पुनर्नोंदणीतून गेलेल्या असतात. मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. गाडी आरटीओत तपासली जाते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि पुढची ५ वर्षं मिळतात. मुदत जवळ आली असेल तर हे काम स्वतः उरकून मग गाडी विकायला काढा. ‘पासिंग तुम्ही करून घ्या’ म्हटलं की गिऱ्हाईक त्या कामाच्या खर्चाच्या दुप्पट रक्कम कापतं, कारण त्याला खर्चापेक्षा अनिश्चिततेची भीती जास्त असते.

तळ

गाडी पिटवर किंवा लिफ्टवर घ्या. वॉशिंग सेंटरमधल्या प्रेशर गनने चिखल काढा, पण हबची (चाकाच्या मध्यभागाची) सीलं, ब्रीदरच्या (हाऊसिंगला हवा खेळती ठेवणाऱ्या) नळ्या आणि वायरिंगचे कनेक्टर यांवर थेट फवारा नको. चासीच्या आतल्या पोकळीतला चिखल बऱ्याचदा राहून जातो. चासीला मुळातच असलेल्या निचऱ्याच्या भोकांतून पाणी सोडा आणि भोकं मोकळी करा. कोकणात किंवा समुद्रकाठी वापरलेल्या गाडीचा गंज इथून, आतून सुरू होतो.

सुकल्यावर टॉर्च घेऊन खाली जा आणि या जागा बघा: मागच्या पाट्यांचे शॅकल (पाटे चासीला जोडणारे दुवे) आणि त्यांच्या वरचा चासीचा भाग, बॉडी माउंटचे रबर, पुढच्या फूटबोर्डचा पत्रा, मागच्या हौद्याचे कोपरे, सायलेन्सरचे जोड. वरवरचा तांबूस थर म्हणजे पृष्ठभागाचा गंज. तो घासून, प्रायमर लावून थांबवता येतो. पेचकसाच्या मुठीने ठोकल्यावर आवाज बद्द आला किंवा पापुद्रे सुटले तर पत्रा खाल्लेला आहे. ते वेल्डिंगचं काम आहे, रंगाचं नाही.

आता एक मोह टाळायचा. विक्रीच्या तोंडावर अख्ख्या तळाला काळं अंडरकोटिंग मारू नका. ताजं कोटिंग दिसलं की कसलेला गिऱ्हाईक ‘खाली काय झाकलंय’ हाच विचार करतो, आणि आपली खरोखर चांगली असलेली चासी उगाच संशयात येते. स्वच्छ, कोरडी, जुना रंग दिसणारी चासी जास्त बोलते.

चासी नंबर जिथे ठोकलेला आहे ती जागा मात्र खास लक्ष देऊन साफ करा. आरटीओच्या कामात या नंबरचं पेन्सिल ट्रेसिंग लागू शकतं, आणि गंजाने अंक बुजले असतील तर हस्तांतर तिथेच अडतं. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं आणि जुना टूथब्रश पुरतो. ग्राइंडर, पॉलिश पेपर किंवा तारेचा चक्र ब्रश चुकूनही नको. घासलेला नंबर म्हणजे छेडछाडीचा संशय, आणि त्याचं उत्तर देताना नाकी नऊ येतात.

फोर बाय फोर खरंच लागते का

कमी फिरलेल्या, जपलेल्या गाडीचा खास आजार म्हणजे फोर व्हीलचा लिव्हर वर्षानुवर्षं न हलवणं. लिंकेज कोरडं पडतं, सीलं सुकतात, व्हॅक्यूमच्या नळ्या तडकतात, बटणाने लागणाऱ्या यंत्रणेची मोटर अडकते. गिऱ्हाईकासमोर लिव्हर अडकला तर त्या क्षणी तुमची गाडी टू व्हील ड्राइव्हच्या भावाला येते. म्हणून विक्रीच्या आधी दोन-तीन आठवडे हे करा:

१. मातीच्या किंवा मुरमाच्या मैदानात गाडी सरळ रेषेत हळू चालवत फोर हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) लावा. हब हाताने लॉक करायचे असतील तर आधी दोन्ही बाजू लॉक करा. एकच लॉक राहिली तर पुढचा अ‍ॅक्सल ओढणार नाही आणि दोष गिअरचा वाटेल.

२. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून (ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रलमध्ये) फोर लो (चारही चाकांना ताकद, कमी वेग पण जास्त जोर) लावा. पहिल्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर न देता गाडी उतारावरून मुंगीच्या चालीने उतरली पाहिजे. लिव्हर उडून बाहेर आला तर लिंकेजचं अ‍ॅडजस्टमेंट गेलंय किंवा आतली झीज आहे.

३. परत टू हाय (फक्त दोन चाकांना ताकद). लिव्हर सुटत नसेल तर घाबरू नका. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगातला फरक सोसणारं सेंटर डिफरन्शियल नसलेल्या गाडीत वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, फरक जाणार कुठे? तो प्रॉपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) आणि ट्रान्सफर केसमध्ये ताण म्हणून साठतो. काही मीटर सरळ रिव्हर्स घेतलं की ताण उतरतो आणि लिव्हर सुटतो. कोरड्या डांबरावर फोर हायमध्ये वळणं घेऊ नयेत, ते याचसाठी.

मग ऑइल. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि पुढचा-मागचा असे दोन डिफरन्शियल: चार वेगळी भांडी, चार वेगळे प्लग. ऑइल काढायच्या आधी भरायचा वरचा प्लग सुटतो का ते बघा, नाहीतर खालून रिकामं करून बसाल आणि भरायची वाट बंद. ऑइल चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. गाडी पाण्यात घातल्यावर गरम हाऊसिंग एकदम थंड होतं, ब्रीदर तुंबलेला असेल तर आत पोकळी निर्माण होऊन सीलमधून पाणी ओढलं जातं. नुसतं ऑइल बदलून हा दोष जात नाही, ब्रीदर मोकळा करावा लागतो. प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लगदा चालतो. हाताला टोचणारे कीस किंवा गिअरच्या दातांचे तुकडे चालत नाहीत. ऑइलची ग्रेड आणि माप गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे घ्या आणि बिलावर किलोमीटर लिहून घ्या. हे एक बिल दहा फोटोंच्या बरोबरीचं आहे.

प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) हाताने हलवून बघा. खेळ असेल किंवा थांबलेली गाडी पुढे घेताना ‘टक्’ असा आवाज येत असेल तर क्रॉस बदला, स्वस्त काम आहे. सॉलिड अ‍ॅक्सलच्या गाडीत पुढच्या नकलभोवती (चाक वळवणाऱ्या सांध्याभोवती) ग्रीस-ऑइलचा चिकट पट्टा दिसतो का, तेही बघा. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थडथडत असेल तर गिऱ्हाईकाच्या हाती गाडी द्यायच्या आधी टाय रॉडचे टोक, व्हील बेअरिंग आणि बॅलन्सिंग तपासून घ्या.

टायर

टायरच्या बाजूवर कोड असतो, त्यातले शेवटचे चार अंक आठवडा आणि साल सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जपलेल्या गाडीच्या टायरवर नक्षी भरपूर उरलेली असते पण रबर दगड झालेलं असतं, बाजूला बारीक चिरा असतात. हे लपत नाही. दुसरं म्हणजे चारही टायर एकाच मापाचे, शक्यतो एकाच कंपनीचे आणि सारख्याच झिजलेले हवेत. दोन नवे, दोन जुने अशी जोडी फोर बाय फोरमध्ये घेर वेगळा झाल्यामुळे तोच वर सांगितलेला ताण सरळ रस्त्यावरही निर्माण करते. चारही बदलायचे नसतील तर एकही बदलू नका, भावात सूट द्या.

काय करावं, काय सोडून द्यावं

करावं: सर्व्हिस, चारही ऑइलं, ब्रेक (उभ्या गाडीत कॅलिपर आणि व्हील सिलिंडर अडकतात), बॅटरी, वायपर, सगळे दिवे, हॉर्न, गळके सील, सीटखाली व डॅशबोर्डमागे उंदरांनी कुरतडलेली वायर, पावसाळ्यात धरलेली बुरशी. सोडून द्यावं: बंपरवरचे ओरखडे, फांद्यांनी घासलेला दरवाजा, थोडा विटलेला सॉफ्ट टॉप. अख्खी गाडी रंगवणं तर नकोच. मूळ रंग, तोही थोडा मळलेला, हा अपघात न झाल्याचा पुरावा आहे.

लावलेल्या वस्तूंबद्दल कडू पण खरं सांगायचं तर लिफ्ट किट, विंच, स्नॉर्केल आणि रुंद टायरांवर घातलेले पैसे गाडीच्या भावात परत येत नाहीत. त्या वस्तू काढून ऑफरोडिंग करणाऱ्या मंडळींना सुट्या विका आणि गाडी मूळ रूपात आणा; मूळ स्प्रिंग, बंपर, चाकं जपून ठेवली असतील तर आज त्यांचं चीज होईल. कायद्याची बाजूही आहेच. कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात, आणि पुढे लावलेल्या लोखंडी बुल बारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे निर्देश दिले. आरसीत नसलेला बदल घेऊन गाडी आरटीओसमोर उभी करणं म्हणजे आपल्या हाताने काम अडवणं.

भाव

त्याच मॉडेलच्या, त्याच इंधनाच्या, दोन्ही बाजूंना एक वर्ष धरून किमान दहा जाहिराती बघा. सर्वांत महाग दोन आणि सर्वांत स्वस्त दोन काढून टाका. उरलेल्या किमती मागितलेल्या आहेत, मिळालेल्या नाहीत, हे ध्यानात ठेवा; तीन आठवड्यांनीही तीच जाहिरात तिथेच असेल तर तो भाव बाजाराने नाकारलाय. दोन-तीन डीलरांकडून लेखी किंमत घ्या. ती तुमच्या भावाची खालची मर्यादा.

समजा हातात ७,५०,००० हवेत. ७,८५,००० मागा, ८,५०,००० नको. फार वर सुरुवात केली की खरं गिऱ्हाईक फोनच करत नाही, फक्त घासाघीस करणारे येतात. ‘शेवटचं किती’ असं न बघता विचारणाऱ्याला एकच उत्तर: गाडी बघा, मग बोलू.

वेळ साधली तर थोडं जास्त मिळतं. एप्रिल ते जूनच्या सुरुवातीला, पावसाच्या तोंडावर, घाटमाथ्यावरचे आणि कोकणातले शेतकरी, रिसॉर्टवाले आणि हौशी मंडळी फोर बाय फोर शोधू लागतात. डिसेंबरात विकू नका. ‘आठ दिवसांनी गाडी एक वर्षाने जुनी होणार’ हे वाक्य प्रत्येक जण ऐकवेल.

जाहिरात आणि दाखवणं

फोटो सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, मोकळ्या जागी. चारही कोपरे, दोन्ही बाजू, ओडोमीटर, इंजिन, फोर व्हीलचा लिव्हर, स्टेपनी, टायरचा तारीख-कोड, आणि तळाचे किमान चार फोटो: चासी, दोन्ही डिफरन्शियल, ट्रान्सफर केस. ओरखडेही दाखवा. फोर लोमध्ये चढणारी गाडी आतून-बाहेरून दाखवणारा एक मिनिटाचा व्हिडिओ ठेवला तर निम्मे प्रश्न मिटतात. नंबर प्लेट, चासी नंबर आणि आरसीचा फोटो जाहिरातीत टाकू नका.

गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवू नका. डिझेल गाडी थंड असताना कशी सुरू होते आणि धूर कुठल्या रंगाचा येतो, हे बघायला तो आलेला असतो. गरम बॉनेटला हात लागला की शंका पक्की. टेस्ट ड्राइव्हआधी त्याचं लायसन्स बघून फोटो घ्या, विमा चालू आहे याची खात्री करा, शेजारी स्वतः बसा. रस्ता आधीच ठरवा: थोडा डांबरी, थोडा खराब, आणि एक मातीचा तुकडा जिथे फोर हाय आणि फोर लो दोन्ही दाखवता येतील. त्याने स्वतःचा मेकॅनिक आणला तर आनंदाने हो म्हणा, चहाही पाजा.

पैसे

‘मी फौजी आहे, पोस्टिंग लांब आहे, गाडी न बघताच घेतो’ म्हणत क्यूआर कोड पाठवणारा फसवा असतो. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. बयाणा घेतलात तर पावतीवर एकूण किंमत, उरलेल्या रकमेची तारीख आणि व्यवहार मोडल्यास बयाण्याचं काय, हे लिहा. उरलेली रक्कम आरटीजीएसने. ती आता चोवीस तास चालते. स्क्रीनशॉट किंवा एसएमएस नव्हे, तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघून मगच चावी. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच, तोही घेणाऱ्याला म्हणजे तुम्हाला.

कागद: इथे घाई केली तर पुढची पाच वर्षं जागावं लागतं

नोटरीकडे मुद्रांकावर करार केला की गाडी विकली, हा समज घट्ट आहे आणि चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक. गाडी पुढे तीन हात फिरली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावर येते. त्यामुळे सौदा ठरायच्या आधीच या अडचणी मोकळ्या करा:

थकलेली ई-चलनं भरा. ती असतील तर अर्ज अडतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून घ्या. पीयूसी आणि विमा चालू ठेवा. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा राहिलेला असतो. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवा. एनओसीवरची मुदत बघा, जुना कागद चालत नाही. मालक वारला असेल तर वारसाने आधी फॉर्म ३१ ने गाडी स्वतःच्या नावावर करायची, मग विकायची.

हस्तांतराला फॉर्म २९ दोन प्रतींत आणि फॉर्म ३० लागतो, सोबत दोघांचे ओळखपत्र, घेणाऱ्याच्या पत्त्याचा पुरावा, पॅन. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरता येतो. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. दुसऱ्या राज्यात, म्हणजे अगदी शेजारच्या गोव्यात किंवा बेळगावात गाडी चालली असेल तरी, फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि तुम्हाला ४५ दिवस मिळतात. तिकडचा कर कोण भरणार आणि महाराष्ट्रातल्या उरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज कोण करणार, ते करारातच लिहा.

कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटाच्या हाती देऊ नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरलेली असेल तेव्हाच सही. अधिकृत डीलरला गाडी देत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून फॉर्म २९सी ची सोय आहे. त्याने गाडी डीलरच्या ताब्यात गेल्याची नोंद होते आणि ती पुढच्या मालकाच्या नावावर होईपर्यंत जबाबदारी डीलरवर राहते. ‘आमच्याकडे हे करत नाहीत’ म्हणणाऱ्या डीलरकडे गाडी सोडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ताबा पावतीवर तारखेसोबत वेळ लिहा, जसं ‘संध्याकाळी ६.२०’. त्याच रात्री सिग्नल तोडला किंवा अपघात झाला तर हा एक ओळीचा तपशील कामाला येतो. ओडोमीटरचा फोटो, घेणाऱ्याच्या सहीसह आरसीची प्रत, दोन्ही चाव्या दिल्याची नोंद, सगळं एका फाइलमध्ये.

गाडी गेल्यावर

फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल. गाडीशी जोडलेलं मोबाइल अ‍ॅप आणि ब्लूटूथमधले नंबर काढा, सोसायटीचा स्टिकर खरवडा.

विमा मात्र लगेच रद्द करू नका. तिसऱ्या पक्षाचं संरक्षण कायद्याने गाडीसोबत जातं. स्वतःच्या नुकसानीच्या भागासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसून तुमचा आहे. पाच वर्षं दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि कंपनीकडून राखीव प्रमाणपत्र घेतलं तर पुढच्या ३ वर्षांत घेतलेल्या नव्या गाडीला लागू होतो.

महिन्याभराने एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाका. मालकाच्या नावाची अक्षरं पूर्ण दिसत नाहीत, पण तुमची आहेत की दुसऱ्याची एवढं कळतं. अजून तुमचीच असतील तर घेणाऱ्याला फोन करा, आणि दोनदा सांगून हलला नाही तर फॉर्म २९ ची पोच, ताबा पावती आणि बँकेचा उतारा जोडून आरटीओत लेखी अर्ज द्या, आवक क्रमांकाचा शिक्का घेऊन.